कानातलं वळण

माझ्या सासूबाईंना दुसऱ्यांचे कान कोरायचा नाद आहे. बिडकीनची शेती दिरांवर सोपवून त्या आमच्याकडे शहरात राहायला आल्या, तेव्हा सोबत पितळी कानकोरणं आणायला विसरल्या नाहीत. दर रविवारी न्हाण्याआधी लसूण घालून कढवलेलं तेल, कापसाचा बोळा आणि माझं डोकं त्यांच्या मांडीवर. शेजारणींना यात माया दिसायची. माया कसली डोंबलाची. मी नको म्हटलं की त्या जेवणावर रुसायच्या आणि नवरा म्हणायचा, तिचं मन राख, दोन मिनिटांचं तर काम.

एका रविवारी त्यांनी माझ्या कानाची पाळी वर आणि मागं खेचली. "लई आत बसलाय मळ. हलू नको," म्हणाल्या. आत टच्च झालं, डोळ्यांपुढं अंधारी आली. मी उठायच्या आत त्यांनी वर गरम तेल ओतलं. ते तेल घशात उतरलं. लसणाची चव जिभेवर आली आणि डावा कान बंद झाला.

मी शाळेत गाणं शिकवते. एका कानानं मुलांचा सूर सांभाळता येतो असं ज्याला वाटतं, त्यानं करून बघावं.

छावणी भागातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घातली आणि पडद्याला भोक पडलंय म्हणाल्या. मग चित्र काढून दाखवलं. कानाची नळी सरळ नसते, तिला बाक असतो, म्हणून काडी सहसा पडद्यापर्यंत पोचत नाही. पाळी वर-मागं ओढली की तो बाक निघतो. डॉक्टर तपासताना हेच करतात. आमच्याकडे ते सासूबाईंना उपजत जमत होतं. नळीच्या बाहेरच्या भागात केस असतात आणि तिथंच मळ तयार होतो. तो घाण नसून राखण असते. किडामुंगी, जंतू अडवतो. नळीची कातडी आतून बाहेर हळूहळू सरकत असते, तीच जुना मळ बाहेर आणून टाकते. भाकरी चावताना जबडा हलतो, त्याचाही हातभार लागतो. म्हणजे देवानं केलेली सोय होती आणि आमच्या घरात दर रविवारी तिच्यात लुडबुड चालली होती.

कानात पाणी नाही, तेल नाही, पडदा आपोआप भरला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन, असं त्यांनी बजावलं. पुढचे दोन महिने मी सासूबाईंशी कामापुरतं बोलले. त्याही सगळ्यांना सांगत होत्या, कान आधीच नासका होता.

पडदा भरला. तपासून घरी आले तर सासूबाई वाटी घेऊन हजर. "बरा झाला ना? मंग बस इथं."

नवऱ्यानं पेपरातून मान वर केली. "बस ना. तिचं मन राख."

"आज तुम्ही बसा," मी म्हणाले.

तो हसला. "मी? सातवीत असल्यापासून मी तिला कानाला हात लावू देत नाही. लई आत घालते ती."

हे वाक्य मला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू आलं. इतकी वर्षं त्याला माहीत होतं, आणि दर रविवारी तो मला त्या मांडीवर पाठवत होता.

मी वाटी घेतली आणि तेल मोरीत ओतलं. सासूबाईंवरचा राग तेव्हाच निम्मा झाला. तो कुठं गेला, हे नवऱ्याला अजून कळलेलं नाही.