मुका झालेला फोन

समाधान कांबळे सात वर्षांचा असताना तापात त्याची दृष्टी गेली. आज तो अडतीस वर्षांचा आहे. राहतो इंदापुरात, आणि बारामतीच्या एका कॉलेजात टेलिफोन ऑपरेटर आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणारा फोन हाती आल्यापासून बँक, तिकीट, चिठ्ठीचपाटी सगळं तो स्वतः करतो.

फक्त त्या आवाजाचं मराठी वाईट होतं. 'बाळ'ला तो 'बाल' म्हणायचा. समाधानने कंपनीला इतक्यांदा लिहिलं की शेवटी त्यांनी त्याला बाजारात न आलेल्या सिस्टीमची चाचणी करायला घेतलं. दर पंधरवड्याला नवी आवृत्ती यायची. तिसऱ्या आवृत्तीत 'ळ' नीट उमटला, तेव्हा त्याने बायकोला, करुणाला, फोनकडून 'कमळ' आठ वेळा म्हणून दाखवलं.

चाचणीचा फोन वेगळा ठेवावा, असं कंपनीनेच बजावलं होतं. पण दुसरा फोन घेणं परवडत नव्हतं, त्यामुळे चाचणी रोजच्याच फोनवर चालायची. म्हणून त्याने नियम केला होता: आवृत्ती आली की चार दिवस थांबायचं, इतरांचे अनुभव ऐकायचे, मगच घालायची. सहाव्या वेळी तो थांबला नाही. पाचवीत बोलता बोलता फोन बंद पडत होता आणि सहावीत ते दुरुस्त केलंय, असं कळवलं होतं.

रविवारी दुपारी त्याने ती घातली. फोन थरथरला, सुरू झाला, पण बोलेना.

करुणा लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीवर होती. तिथे फोन गेटवरच जमा करतात. शेजारच्या घरालाही कुलूप होतं. घरात फक्त आई, भागुबाई.

"आई, पडद्यावर काय दिसतंय?"

"पांढरं हाय. खाली निळी पट्टी हाय."

"पट्टीवर काय लिहिलंय?"

"अक्षरं हायत रं बाबा. मला कुठं वाचता येतंय?"

त्याने तिला पट्टीवर बोट ठेवायला लावलं. पांढऱ्याचं काळं झालं. तिने घाबरून बोट मागे घेतलं. "माझ्या हातनं बिघडलं का?"

"न्हाय गं. आधीच बिघडलंय."

मग दोघं फोन मध्ये ठेवून करुणाची वाट बघत बसले.

पाच वाजता ती आली, हातपाय न धुताच तिने सगळं वाचलं. इंग्रजी आवाज लावला तर तो चालत होता, पण मराठी अक्षरं गाळत होता. "आहो, जुन्यावर जायचं तर फोनमधलं सगळं पुसावं लागंल म्हणतंय."

"आधी तक्रार लिही. मराठी आवाज निवडला की फोन मुका होतो, असं लिही."

तिने लिहिलं, व्हिडिओही जोडला. 'नोंद घेतली आहे,' असं उत्तर आलं. पुढच्या दोन आवृत्त्यांत काहीच सुधारलं नाही; दोन्ही वेळा त्यांनी पुन्हा कळवलं. तेवढे दिवस त्याला कुणाचा नंबर लावायलाही शेजारी जावं लागलं. शेवटी त्याने सगळं पुसून जुनी सिस्टीम घातली. 'बाळ'चा पुन्हा 'बाल' झाला, पण फोन बोलू लागला.

सप्टेंबरात तीच सिस्टीम 'स्थिर', म्हणजे तपासून झालेली, म्हणून सगळ्यांसाठी आली. दुसऱ्या दिवशी भवानीनगरहून सुकन्याचा फोन आला. तीही अंध, गाण्याच्या शिकवण्या घेते. शेजारणीच्या फोनवरून बोलत होती.

"दादा, अपडेट घातलं आन् फोन बोलायचाच थांबला. तुमी तर तपासत होता ना?"

"कळवलं होतं गं. तीनदा कळवलं."

"मग?"

एका भाषेतल्या थोड्या माणसांसाठी कंपनीने सिस्टीम आणायची तारीख पुढे ढकलली नसेल, एवढंच त्याला वाटलं. पण तिला हे सांगून काय उपयोग? त्याने ओळखीच्या अकरा जणांना फोन लावले. सात जणांना 'अपडेट घालू नका' असं वेळेत सांगता आलं.

जानेवारीत नव्या चाचणीचं निमंत्रण आलं. करुणा म्हणाली, "आता न्हाय म्हणा."

"न्हाय म्हणलं तर मराठीचं सांगणारं कोण ऱ्हाईल तितं?" तो म्हणाला, आणि त्याने होकार कळवला.