डाव्या ट्रॅकवरचा आवाज

बुधवार, १८ फेब्रुवारी १९८७, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे. माझ्या नोंदवहीतली पहिली नोंद ही आहे. पोलाद कारखान्याचा दोनचा भोंगा होऊन गेला होता. पहिल्या पाळीच्या स्कूटरी आणि सायकली आपापल्या क्वार्टरला पोहोचल्या होत्या आणि कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टर सहामध्ये निदान चार वाजेपर्यंत शांतता मिळणार होती. तेवढ्या वेळात एक गाणे रेकॉर्ड करायला सुरुवात करायची होती.

गाणे आमचे नव्हते. गिटारवरचे, दोन आवाजांतले, लोकगीताच्या वळणाचे एक जुने इंग्रजी गाणे होते ते. मुख्य आवाज आणि गिटार माझ्या मैत्रिणीची. ती सेक्टर दहामध्ये राहायची आणि एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत माझी जोडीदार होती. दुसरा आवाज माझा, आणि यंत्रांचे सगळे कामही माझे. रायपूरच्या रेडिओवरच्या तरुणांच्या कार्यक्रमाने घरी केलेली रेकॉर्डिंग मागवली होती. निवड झालेल्यांना स्टुडिओत बोलावणार होते. तिला तिथे गायचे होते. मला तिथला, आवाज मिसळण्याचा, मिक्सर पाहायचा होता. पुढे मला तेच काम करायचे होते, आणि खरा मिक्सर मी तोवर फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिला होता.

बाबांनी मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनिअरकडून स्पूलचा टेपरेकॉर्डर घेतला होता. त्याला डावा आणि उजवा असे दोन ट्रॅक होते. प्रत्येकाची आवाजाची पातळी दाखवणारी सुई वेगळी, आवाजाचा नॉब वेगळा, आणि टेप किती पुढे गेली ते दाखवणारा आकड्यांचा काउंटर. मैत्रिणीकडे साधा कॅसेट रेकॉर्डर होता. पद्धत मी आखली. आधी तिची गिटार आणि तिचा आवाज कॅसेटवर घ्यायचा. मग ती कॅसेट वाजवून स्पूलच्या उजव्या ट्रॅकवर उतरवायची, आणि त्याच वेळी हेडफोन लावून मी डाव्या ट्रॅकवर गायचे. शेवटी दोन्ही ट्रॅक योग्य प्रमाणात मिसळून पुन्हा कॅसेटवर. चांगली कॅसेट एकच होती, त्यामुळे स्पूलवर उतरवून झाले की मूळ रेकॉर्डिंग पुसून तीच कोरी करायची होती.

दोन आवाज वेगळे ठेवण्याचा आग्रह माझा. एकदा मिसळलेले आवाज पुन्हा सुटे करता येत नाहीत, पण सुटे असले तर कमीजास्त करता येतात, हे मी तिला तीनदा समजावले. ती वैतागायची.

"बाई, गाणं गाऊन राहिलो का प्रॅक्टिकल करून राहिलो आपण?"

"दोन्ही."

"मग जर्नलवर सही कोणाची घेशीन?"

आम्ही खिडकीला गादी लावली. लोखंडी कपाट तिच्या वरच्या सुराला घुमायचे, म्हणून त्यावर गोधडी टाकली. एकदा भाजीवाल्याने, एकदा शेजारच्या कुकरने चांगला टेक वाया घालवला. अकराव्या प्रयत्नात माझा आवाज तिच्या आवाजाखाली नीट बसला. कॅसेट मी पुसून कोरी केली. मिसळण्याचे प्रमाणही ठरवून ठेवले: उजवा नॉब सहावर, डावा साडेतीनवर. तेवढ्यात मामेबहिणीच्या लग्नासाठी मला चार दिवस नागपूरला जावे लागले. परतल्यावर दोघींनी मिळून शेवटचे मिश्रण करायचे, असे ठरले. यंत्र बंद करताना मी सवयीने लिहिले: काउंटर शून्य, उजवा सहा, डावा साडेतीन.

परत आले तेव्हा काउंटरवर १९१ होते. गाणे १९१ ला संपत असे. उजवा नॉब सहावर होता. डावा शून्यावर.

"आई, टेपला कोणी हात लावला?"

"तुही मैत्रीण आल्ती ना. म्हणे, काकू, दहा मिनिटाचं काम आहे. मीनं चाय करून देल्ली. मोठी गुणाची पोरगी आहे वं ते."

मी नोंदवही उघडली आणि शक्यता लिहिल्या. चुकून नॉब फिरला असेल. सरावासाठी तिने स्वतःची प्रत घेतली असेल. तिसरी शक्यता मी लिहिली नाही. तिला विचारलेही नाही. तिने स्वतः सांगावे असे मला वाटत होते. नऊ दिवस आम्ही एकाच टेबलावर काम केले. ती स्पेक्ट्रोमीटरला डोळा लावून आकडे सांगायची, मी उतरवून घ्यायची. तिचा एकही आकडा चुकला नाही.

दहाव्या दिवशी, दुपारी, ती पत्र घेऊन घरी आली. निवड झाली होती. कॅसेटमध्ये खरखर आहे, मूळ टेप असल्यास सोबत आणावी, असे त्यात लिहिले होते. वर फक्त तिचे नाव.

"स्पूल दे ना. परवा जायचं आहे."

"माझा आवाज कुठे गेला?"

ती खाटेवर बसली. मग म्हणाली, "फॉर्मवर एकाच नावाची जागा होती यार. मी काय करू? तुले तर तसंही गायचं नव्हतं."

"मला मिक्सर पाहायचा होता. तुला माहीत होतं."

"एकालेच बोलावलं त्याइनं."

"रेकॉर्डिंग कोणी केलं, हा रकाना होता?"

"होता."

"काय लिहिलंस?"

"आता तू कावून वकिलासारखी विचारून राहिली?" ती हसायला गेली, पण हसू जमले नाही. "माझंच लिहिलं. दोन नावं लिहिली असती तर घोळ झाला असता."

मला काढून टाकायला तिला कात्रीसुद्धा लागली नव्हती. आवाज सुटे ठेवण्याची पद्धत मीच तिला तीनदा समजावली होती. फसवणुकीपेक्षा हे अधिक झोंबले: ती लक्ष देऊन ऐकत होती.

मी स्पूल चढवली आणि काउंटर शून्यावर आणला. तिला वाटले, मी टेप तपासून देते आहे. मी माइकची वायर काढली आणि फक्त उजव्या ट्रॅकचे रेकॉर्डिंगचे बटन दाबले. माइक नसलेला ट्रॅक आधीचे पुसून फक्त शांतता रेकॉर्ड करतो, हे तिला सांगावे लागले नाही. उजवी सुई तळाशी पडून राहिली. डाव्या ट्रॅकवर मी एकटी गात होते, मध्येच थांबत होते, कोणाच्या तरी ओळीची वाट पाहत होते.

"अगं, काय करून राहिली?" ती उठली. यंत्र तिच्या हाताच्या अंतरावर होते. मी तिला अडवले नसते. पण ती तशीच उभी राहिली आणि पत्राची घडी घालत राहिली.

दुसरे कडवे संपता संपता मी यंत्र थांबवले. दया आली म्हणून नाही, निदान तसे मला आठवत नाही. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात मी काहीच लिहिलेले नाही. तिने अर्धी पुसलेली स्पूल उचलली आणि आईला न भेटता गेली. मी दार लावले, पेन शोधले आणि काउंटर वाचला. ०९४.