आम्ही ग्रिक्वा झालो तो दिवस

पुण्याच्या गोपाळरावांनी आधी मला नाकारलं की मी त्यांना, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. (मीच आधी!)

गोपाळराव वकील. रामेश्वरची यात्रा करून परतताना ते आपल्या मुलासाठी मला बघायला कुंभकोणमला आमच्या घरी उतरले. आप्पांना आभाळ ठेंगणं झालं. इंग्रजांनी तंजावरचं मराठ्यांचं राज्य खालसा केलं, तेव्हा आमच्या आजोबांचं दरबारातलं काम गेलं होतं. तोरा तेवढा शिल्लक होता, आणि आता थेट पुण्याची सोयरीक! आईनं आदल्या रात्रीपासून चूल थंड होऊ दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशीचं जेवण आटोपल्यावर आईनं पदर सावरून विचारलं, "जेवण चोखट झालं कां?"

"चौकट?" गोपाळराव दाराकडे बघायला लागले. "कसली चौकट?"

"चोखट हो! म्हणजे उत्तम," आप्पा म्हणाले. "आमच्यात अस्के असंच म्हणतात."

"अस्के?"

"म्हणजे सगळे."

गोपाळराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि "घ्या" म्हटलं, तर त्या एवढ्याशा 'घ्या'तही त्यांना तमिळ ऐकू आलं!

"राग मानू नका," ते म्हणाले. (असं कोणी म्हणालं की राग मानायची तयारी ठेवावी.) "पण तुम्ही धड मराठी नाही, धड तमिळ नाही. तुम्हाला म्हणावं तरी काय?"

आप्पांचा चेहरा उतरला. गल्लीतले लोक आम्हाला 'रायर' म्हणत. शब्द मानाचा, पण सूर 'हे तिकडचे' असा. आणि आता तिकडचाच माणूस आम्हाला इकडचे ठरवत होता!

कोपऱ्यात पान चघळत बसलेले धाकटे काका एकदम गरजले, "ग्रिक्वा म्हणा!"

हे काका आफ्रिकेत, किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींपाशी एका दुकानात नोकरी करून आले होते. (हिरा एकही आणला नाही. गोष्टी मात्र पेटाराभर.)

"काय म्हणू?" गोपाळराव दचकले.

"ग्रिक्वा! मी होतो त्या मुलखातले लोक. पूर्वज काही डच, काही तिथले मूळचे. धड हे नाहीत, धड ते नाहीत, असंच त्यांनाही म्हणायचे. 'संकराची पोरं' अशी शिवीच त्यांचं नाव होऊन बसली. पण पठ्ठे तेच नाव ताठ मानेनं मिरवीत! मग एक पाद्री आला. म्हणाला, बाबांनो, हे नाव बरं नव्हे. तेव्हा त्यांनी आपल्या पूर्वजांची जुनी टोळी आठवली, चारिगुरिक्वा, आणि तिच्यावरून स्वतःचं नाव स्वतः ठेवलं. क्वा म्हणजे माणसं! आम्हाला काय म्हणावं, हे विचारायला ते पुण्याला गेले नाहीत!"

आप्पा ताडकन उठले. "मग आजपासून आम्हीही ग्रिक्वा!" आणि दोघे भाऊ तरातरा परसात निघून गेले.

गोपाळरावांना या गोष्टीतलं निम्मं कळलं होतं, निम्मं ठसक्यात गेलं होतं. ते हळूच आईला म्हणाले, "वहिनी, हे ग्रिक्वा घरात कोणाकोणाला आहे?"

काकांची गोष्ट चालू असताना आई आत ताटं ठेवत होती. तिला वाटलं, दरबाराकडून मिळालेलं काहीतरी मानाचं असावं.

"अस्क्यांना!" ती अभिमानानं म्हणाली.

"मुलीलाही?"

"तिला तर जन्मापासून!"

"आणि... जाणार नाही?"

"जाईल कसं? पिढीजात आहे!"

गोपाळराव तसेच उठले आणि समोरच्या ओट्यावर बसलेल्या वैद्यांना त्यांनी मोडक्या संस्कृतात विचारलं, ग्रिक्वा नावाच्या रोगाला औषध आहे का? ठाऊक नाही असं कबूल करील तो वैद्य कसला! "पित्ताचा प्रकार," असं सांगून वैद्य स्वतः काढ्याचा तांब्या घेऊन आमच्या दारात हजर झाले. त्यांच्यामागे गल्ली! निम्मी गल्ली म्हणत होती, रायरांच्या घरात साथ आली. उरलेल्या निम्म्या गल्लीनं भिंतीपलीकडून 'पाद्री' एवढाच शब्द ऐकला होता. ती म्हणत होती, रायर बाटले!

गलका ऐकून आप्पा आणि काका धावत बाहेर आले.

"पी, मुली," गोपाळराव म्हणाले. "बरी झालीस आणि पुण्यात राहून जीभ सुधारलीस, तर पुढचं बघू."

जीभ सुधारलीस! आईनं पदर तोंडाला लावला. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मी वैद्यांच्या हातातला तांब्या ओढून घेतला, सगळ्यांदेखत घटाघट रिकामा केला आणि जमिनीवर आपटला.

"बघा! काही झालं मला? मला रोग नाही! माझी आई बोलते ती माझी भाषा. काल जेवलात, आज जेवलात, तेव्हा आईनं वाढताना काय म्हटलं ते सगळं कळलं! भूक भागल्यावर कळेनासं झालं?"

"आप्पासाहेब, तुमची मुलगी बोलते!" गोपाळराव किंचाळले.

"हो," आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आणि किती सुरेख बोलते!"

गोपाळरावांनी पिशवी उचलली. ते गेले ते गेलेच. पण मला आता थांबवणार कोण? ओट्यावर उभी राहून मी गल्लीला ऐकवलं, "आम्हाला काय म्हणायचं ते आम्ही ठरवू! पुणं नाही, पाद्री नाही, तुम्हीही नाही!" काका टाळ्या वाजवत होते. मी अजून पुष्कळ बोलणार होते...

पण वैद्यांच्या काढ्यात एरंडेल होतं.

कितीही झालं तरी मागे हटायचं नाही, असं मी ठरवलं होतं. हटले, पण बोलत बोलत हटले. आणि स्वाभिमानावरचं माझं उरलेलं भाषण त्या अख्ख्या गल्लीनं परसात, बंद दाराबाहेर उभं राहून ऐकलं!