डॉक्टरबाईंची गाडी चढावरच का बंद पडे

“गाडी परत बंद पडली. मी पोचले तेव्हा बाळ बाहेर आलं होतं,” डॉक्टरबाईंनी किल्ली काउंटरवर ठेवली. “त्याच्या आईला काही झालं असतं तर? मी रस्त्यात बॉनेट उघडून उभी होते. आता मला कारण हवंय. ‘चेक केलं मॅडम, ओके आहे’ हे वाक्य नको.”

ते वाक्य आमच्या वर्कशॉपने त्यांना आधी ऐकवलेलं होतं.

मी तेव्हा पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरचा इलेक्ट्रिकल सेक्शन बघत होते. कार्ब्युरेटर मागे पडून इंजेक्शनच्या गाड्या नुकत्याच आल्या होत्या. जुन्या गाडीतला बिघाड वासावरूनही कळायचा. नवीन गाडीला स्कॅनर लावायचा आणि तो म्हणेल ते ऐकायचं. डॉक्टरबाईंचं नर्सिंग होम बिबवेवाडीत, वरच्या अंगाला. त्यांची गाडी सपाटीवर छान पळायची आणि नेमकी तिथल्या चढावर बंद पडायची. पुन्हा सेल्फ मारला की काही झालंच नाही अशा थाटात सुरू!

स्कॅनर सांगत होता, क्रँक सेन्सरचा सिग्नल नाही. क्रँक सेन्सर म्हणजे इंजिनाची नाडी बघणारा भाग. इंजिनाबरोबर एक दातेरी चाक फिरतं. त्याचा दात सेन्सरसमोरून गेला की सेन्सर विजेचा बारीकसा ठोका ईसीएमला, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरला पाठवतो. त्या ठोक्यांवरून ईसीएम ठिणगी कधी पाडायची ते ठरवतो. ठोके थांबले की ठिणगी बंद, इंजिन बंद. सेन्सर आम्ही आधीच बदलला होता. तरी दुखणं तेच.

“ईसीएम बदलून टाका,” आमचे वर्क्स मॅनेजर साठे म्हणाले.

“सर, ईसीएम सपाटीवर चालतो आणि चढावर रुसतो, असं कसं होईल?”

“मग कारण काय आहे?”

“माहीत नाही.”

“छान!”

“शोधते. तोवर नवीन ईसीएम खोक्यातच राहू दे.”

साठे माणूस वाईट नव्हते. गाडी संध्याकाळी गेटबाहेर पडली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. पण मला राग आला होता. आम्ही अंदाजाने भाग बदलत राहायचं आणि तो अंदाज बरोबर की चूक, हे डॉक्टरबाईंना चढावर कळणार. तेव्हा वर कोणीतरी बाई अडलेली असणार. कारण सापडल्याशिवाय ही गाडी सोडायची नाही, असं मी ठरवून टाकलं.

डॅशबोर्डखाली ईसीएमपाशी येणाऱ्या सेन्सरच्या वायरींना मी छोटा ऑसिलोस्कोप जोडला. सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं हे यंत्र. ते मांडीवर घेऊन बसले. आमचा मेकॅनिक सलीम गाडी चालवत होता. सपाटीवर लाट एकसारखी. चढ लागला, सलीमने गिअर उतरवला, आणि लाट एकदम सपाट झाली. त्यानंतर इंजिन थांबलं. म्हणजे सिग्नल ईसीएमपर्यंत पोचतच नव्हता. ईसीएम बिचारा निर्दोष होता. सेन्सर नवा, तेव्हा संशय मधल्या वायरवर.

वर्कशॉपमध्ये परत आल्यावर म्हटलं, “सलीम, हँडब्रेक ओढ. पहिला गिअर टाक आणि क्लच हळूच सोड.”

“मॅडम, बंद पडेल.”

“क्लच अर्ध्यातच धर. इंजिनावर नुसता जोर येऊ दे.”

जोर आला की इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर थोडं कलतं. चढावर हेच होतं. इंजिन कललं आणि लाट गेली. मी अक्षरशः ओरडले.

एअर फिल्टरचा डबा काढून वायरिंगवरून हात फिरवत खाली गेले. बोटांना काहीतरी मऊ लागलं. कापडाची पुरचुंडी, वायरिंगला बाइंडिंग वायरने करकचून बांधलेली. ती तार सेन्सरच्या वायरीचं आवरण कापून आत रुतली होती. तिचं दुसरं टोक इंजिन कललं की शेजारच्या बोल्टला टेकत होतं. सिग्नल ईसीएमकडे न जाता तिथूनच गाडीच्या लोखंडी बॉडीत जात होता. पुरचुंडी सोडली. आत तंबाखू!

डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांच्याबरोबर सासरेही आले, तात्या.

“गाडीला कोणी हात लावला नाही, असं तुम्ही म्हणाला होतात,” मी डॉक्टरबाईंना पुरचुंडी दाखवली.

“बिघडवायला नाही लावला,” तात्या म्हणाले. “अहो, आमच्या सोसायटीत उंदीर वायरी कुरतडतात. तंबाखूच्या वासाने फिरकत नाहीत. सुतळी ते तोडतील, म्हणून तार लावली. चांगली पिळून.”

“फारच चांगली पिळलीत.”

“तात्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “माझ्या दारावर तंबाखूबंदीची पाटी आहे, आणि मीच रोज पुरचुंडी घेऊन आत जातेय?”

“पण उंदीर आला का एकतरी?” तात्यांनी विचारलं. साठे पहिल्यांदाच हसले.

कापलेली वायर बदलली. मग डॉक्टरबाईंना पुढे बसवून सलीमने गाडी चढावर घातली. मी मागे, मांडीवर ऑसिलोस्कोप. लाट हलली नाही. वर पोचतो तोच डॉक्टरबाईंचा मोबाइल वाजला. नर्सिंग होममधून होता.

“उतरा दोघं,” त्या म्हणाल्या. ऑसिलोस्कोप काढायलाही त्यांनी वेळ दिला नाही. स्टिअरिंगवर बसल्या आणि गेल्या. आम्ही दोघं रिक्षा शोधत चढ उतरलो. इतकं बरं मला त्या नोकरीत क्वचितच वाटलं असेल.

तेव्हापासून गाडीला कोणी हात लावला का, असं मी गिऱ्हाइकाला विचारत नाही. घरात गाडीची सगळ्यात जास्त काळजी कोणाला आहे, ते विचारते आणि त्यांना सोबत घेऊन यायला सांगते.