सोनियाचे मेसेज

ज्ञानदाचं एक मत कुणी कितीही वाद घातला तरी हलत नसे. परदेशी मालिका बघायची तर मूळ भाषेतच बघायची, खालची अक्षरं वाचत. हिंदी आवाज चढवलेली मालिका म्हणजे तिच्या लेखी निव्वळ फसवणूक. 'ड्रामा कट्टा' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती हे पुन्हा पुन्हा लिही, आणि असं लिही की समोरचीला उत्तरच सुचू नये.

तशी तिची सगळीच मतं ठाम होती. कोरियन मालिका सोळा भागांत गुमान संपते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. चिनी राजवाड्यांतल्या कारस्थानी बायका नायिकेपेक्षा दहापट मन लावून लिहिलेल्या असतात. थायलंडच्या मालिकेत थोबाडीत बसल्याशिवाय कुणाचं प्रेम जमत नाही. आणि जपानी सिनेमात माणूस पाठमोरा उभा राहून भांडी विसळत असतो, तेवढ्या पाठीवरून कळतं की घरात काय मोडलंय. ग्रुपवरच्या बायकांना वाटे, ही वाईची बाई भलती अभ्यासू आहे आणि जराशी शिष्टही.

तिला ऐकू येत नाही, हे त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं.

ती जन्मापासून बहिरी नव्हती. क्षयाचा हट्टी प्रकार झाला, महिनोन्महिने इंजेक्शनं घ्यावी लागली. जीव वाचला, पण त्या औषधानं कान गेले. आधी शाळेची घंटा ऐकू येईना, मग पोरांचे प्रश्न. शाळेत इंग्रजी शिकवायची ती, एके दिवशी स्वतःच राजीनामा देऊन आली. कानाला यंत्र लावलं तर नुसता खडखडाट, पत्र्यावर कुणी खडे ओतावेत तसा. ते तिनं डबीत घालून ठेवून दिलं.

मराठी मालिकांच्या खाली अक्षरं नसत. घरातली सगळी हसली की ती अर्ध्या क्षणानं हसे. मग एका दुपारी मोबाइलवर तिला एक कोरियन मालिका सापडली. तिथं सगळ्यांनाच वाचावं लागत होतं. सांगलीतल्या बाईला, पुण्यातल्या पोरीला, तिला. त्या पडद्यासमोर सगळी माणसं तिच्याइतकीच बहिरी होती. शिवाय तिथं आवाजसुद्धा लिहिलेले असत. 'दूरवर कुत्रा भुंकतो.' 'किटली उकळते.' 'ती हुंदका दाबते.' किटलीला आवाज असतो हे ती विसरूनच गेली होती. वाचलं आणि पदर तोंडाला लावून किती तरी वेळ बसून राहिली.

घर मात्र दिवसेंदिवस मुकं होत गेलं. नवरा देवदत्त सुरुवातीला पाटीवर लिहायचा, मग हातांनी खुणा, मग नुसती मान. मुलगी साक्षी अकरावीत. आईला काही सांगायचं तर टाइप करावं लागतं, त्यापेक्षा न सांगितलेलं बरं, असं तिनं कधी ठरवलं नसेल. पण तसं झालं खरं. ताट वाढून झाल्यावर ज्ञानदा दोघांच्या हलत्या ओठांकडे बघत जेवे. मधेच "काय म्हणालास?" असं विचारी. देवदत्त हात हलवून म्हणे, काही नाही. दिवसातून कितीदा तरी 'काही नाही'. माणूस त्यानं आतून खचत जातं.

म्हणून तो ग्रुप तिचा जीव की प्राण झाला. तिथं सगळं लिहून होतं. आणि तिथं सोनिया होती.

सोनिया जतकडची पोर, कॉलेजात शिकणारी. ज्ञानदाच्या अंगावर येणारी एवढी एकच. "मॅडम, तुम्हाला दुःखी शेवट आवडतो कारण तो तुमच्या घरी नसतो," असं तिनं एकदा लिहिलं होतं. ज्ञानदा त्यावर दिवसभर चिडली आणि दिवसभर खूश होती. कित्येक महिन्यांत तिच्याशी कुणी इतकं मन लावून भांडलंच नव्हतं.

पावसाळ्यात सोनियाचं लिहिणं एकाएकी थांबलं. मग तिच्या नंबरावरून नुसते आवाजाचे मेसेज यायला लागले, लांबच्या लांब. पहिला आला तेव्हा पाठोपाठ ग्रुप चालवणाऱ्या चारुलताताईंचाही आवाजी मेसेज आला, आणि खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. ज्ञानदाला वाटलं, कुठल्या तरी देवाचं काही असेल. बोलण्याचं लिहिणं करून देणारं एक अॅप तिनं लावून बघितलं, तर त्यात 'हाय हाय लाई पोर गेले गाव' असलं काहीबाही उमटलं. साक्षीला ऐकायला सांगता आलं असतं. पण साक्षी उसासा टाकेल, आणि तो उसासा ऐकू आला नाही तरी दिसतो.

तिनं हातही जोडले नाहीत, उत्तरही दिलं नाही. काही दिवसांनी मात्र राहवलं नाही. 'काय सोनिया, लिहायला बोटं दुखतात वाटतं हल्ली?' असं टाकलं. कुणीच काही बोललं नाही. मग आणखी चिडून तिनं डबिंगवर एक लांबलचक टिपण लिहिलं. त्यातलं शेवटचं वाक्य तिला स्वतःला फार आवडलं होतं : 'माणसाला दुसऱ्याचा आवाज चिकटवणं म्हणजे मढ्याला बोलतं करणं.'

दिवाळीनंतर चारुलताताईंनी सगळ्यांना सांगलीला घरी बोलावलं. ज्ञानदा जाणार नव्हती. तिथं कोण टाइप करून बोलणार? पण त्या आठवड्यात घरात एक गोष्ट झाली. साक्षी नाचाच्या स्पर्धेत पहिली आली, अख्ख्या आळीला कळलं, आणि ज्ञानदाला ते कळलं शेजारणीनं हातावर पेढा ठेवला तेव्हा. तिनं देवदत्तला विचारलं, "मला का नाही सांगितलं?" त्यानं ओठ हलवले. तिला ते स्पष्ट वाचता आले. 'सांगितलं होतं की.'

रविवारी पहाटेच ती बसनं निघाली. सातारा, कराड करत सांगलीत उतरली. गप्प राहायचं, हसायचं, ओठ बघायचे, आणि सोनियाला एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

विश्रामबागेतल्या त्या दिवाणखान्यात दहाएक बायका होत्या. चारुलताताई साठीच्या, बॉबकट केलेल्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांचे ओठ वाचता वाचता तिला घाम फुटला. एका कोपऱ्यात डोक्यावरून पदर घेतलेली, उन्हानं रापलेली एक बाई जमिनीवरच बसली होती. मांडीत मोबाइल, त्याची काच तडकलेली. सगळ्या एकदम बोलत होत्या. कुणाकडे बघावं तेच कळेना. एकीचे ओठ पकडावेत तोवर दुसरी हसायची. ज्ञानदा हसत राहिली, मान हलवत राहिली, गाल दुखायला लागले. आपण घरून उठून दुसऱ्या घरात आलो आहोत, फरक काहीच नाही, हे तिला कळून चुकलं.

मग तिनं धीर केला आणि विचारलं, "सोनिया नाही का आली?"

आपला आवाज किती मोठा निघाला ते तिला कळलं नाही. पण सगळे ओठ एकदम थांबले.

कोपऱ्यातली बाई उठून उभी राहिली. बोलायला लागली. हातातला मोबाइल पुढं करून, छातीवर हात मारून, मधेच पदरानं नाक पुसून. ज्ञानदा तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती. ते ओठ तिच्या ओळखीचे नव्हते, शब्द वेगळे, वळण वेगळं. 'डबिंग' एवढा एक शब्द तिला पकडता आला. हिला डबिंग आवडतं, वाद घालते आहे, असं तिला वाटलं. म्हणून ती छानसं हसली आणि म्हणाली, "अहो, ज्याची त्याची आवड!"

त्या बाईचा चेहरा असा झाला की ज्ञानदा तो पुढं कधी विसरली नाही. दोघी-तिघींनी तोंडावर हात ठेवले. एकजण ताडकन उठून तिला काहीतरी फाडफाड बोलली. ज्ञानदा एकीकडून दुसरीकडे बघत होती, अजून ते हसू चेहऱ्यावर तसंच, काढायचं कसं ते न कळून.

चारुलताताईंच्या लक्षात आलं. त्या जवळ आल्या, तिचा दंड धरला आणि स्वतःच्या कानाला बोट लावून भुवया उंचावल्या. ऐकू येत नाही?

ज्ञानदानं होकाराची मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती परक्या माणसांत रडली.

मग ताईंनी स्वतःचा फोन काढला. त्या कोपऱ्यातल्या बाईला शेजारी बसवलं, ती बोलली तसं टाइप केलं, आणि फोन ज्ञानदाच्या हातात दिला.

'मी मंगल. सोनियाची आई. सोनिया डेंग्यूनं गेली. मी फोनवर सगळ्यांस्नी सांगितलं व्हतं, तुमी तेवढं कायबी बोलला न्हाई. वर बोटं दुखत्यात का म्हनून इचारलं. माझ्या दिराच्या पोरीनं वाचून दावलं. मला लिवता वाचता येत न्हाई.'

ज्ञानदानं वर बघितलं. मंगल तिच्याकडे बघत नव्हती. ताई पुढचं लिहीत होत्या.

'सोनिया बगायची त्या मालिकेतली धाकटी भन हाय, ती हिंदीत बोलती तवा आवाज हुबेहूब माझ्या लेकीचा हाय. मला हिंदी बी लय कळत न्हाई. मी आवाज ऐकती. तिचा आवाज फोनात कुटं सुदिक न्हाई, समदं लिवूनच ठेवलंय तिनं. आन तुमी म्हनला, मढ्याला बोलतं करनं.'

ज्ञानदानं फोन खाली ठेवला. "मला ऐकू येत नाही हो," ती म्हणाली. "मला एकही मेसेज ऐकू आला नाही." तिनं मंगलचे पाय धरायला हात पुढं केले, तर मंगल मागं सरकली. काहीतरी दोन शब्द बोलली आणि पिशवी उचलून निघून गेली. काय म्हणाली, ते चारुलताताईंनी लिहून दिलं नाही. ज्ञानदानंही मागितलं नाही.

त्यानंतर त्या बायका तिच्याशी फार चांगल्या वागल्या. तोंडं मोठी करकरून, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तशा बोलल्या. थोड्या वेळानं कंटाळल्या आणि आपापसांत बोलायला लागल्या. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून ती बसली तेव्हा एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मंगलची क्षमा मागायची तर कशी? लिहिलेलं मंगलला वाचता येत नाही. आणि स्वतःचा आवाज ज्ञानदाला नको झाला होता. ती बोलली की घरातली दोघं कपाळाला आठ्या घालतात, हे ती कितीतरी दिवस बघत आली होती.

घरी आल्यावर तिनं ग्रुप उघडला आणि बोटानं वर वर सरकवत गेली. सोनिया तिथं होती. तिचं भांडण, तिची थट्टा, एका म्हाताऱ्या कोरियन आजीवर लिहिलेलं अख्खं पानभर. हे सगळं लिहिलेलं. ज्या बाईसाठी ते लाखमोलाचं, तिला ते वाचता येत नव्हतं.

ज्ञानदानं दार लोटलं, आता मंगलकडे असलेला सोनियाचा नंबर उघडला आणि बोलायचं बटण दाबून धरलं. "मंगलताई, मी वाईची ज्ञानदा. माझ्या हातून फार मोठी चूक झाली. माझा आवाज कसा येतोय ते मला कळत नाही. सोनियानं लिहिलेलं वाचते." आणि तिनं वाचलं. त्या आजीबद्दलचं. 'ही आजी नातीला जेवलीस का एवढंच विचारते. बाकी काही विचारतच नाही. मला आधी वाटलं हिला दुसरं काही सुचत नाही. आता वाटतं, बाकीचं सगळं तिनं त्यातच घातलंय. आमच्या घरीही एक असंच माणूस आहे.'

बटण सोडलं. मेसेज गेला.

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, आवाजात. ज्ञानदानं फोन साक्षीपुढं धरला. "ऐक आणि लिहून दे. सगळं. तिच्याच भाषेत."

साक्षीनं उसासा टाकला, तो दिसला. फोन कानाला लावला. थोड्या वेळानं तिचा चेहरा बदलला, तिनं परत पहिल्यापासून लावलं, आणि वहीचं पान फाडून लिहायला लागली.

'ज्ञानदाताई, ऐकलं. तुमचा आवाज लय मोठा हाय, म्हशी बिचकल्या. माझा राग गेला न्हाई, जाईल का ते बी सांगत न्हाई. तुमी वाचलं ती माझी सोनिया न्हवं. ती घरात असलं कवाच बोलली न्हाई. असलं पुस्तकावानी. ही पोरगी मला ठावंच न्हवती. जेवलीस का म्हनून इचारनारी मीच, ते मला कळलं. तिला ते कळत व्हतं ते मला म्हाईत न्हवतं. अजून हायत का तसलं? असतील तर पाठवा. समदं पाठवा.'

ज्ञानदानं कागद दोनदा वाचला. साक्षी शेजारी उभी होती, तिला काहीतरी विचारायचं होतं, पण टाइप करायला तिनं फोन घेतला नाही. नुसती उभी राहिली, आणि मग गेली.

ज्ञानदानं पुढचा मेसेज उघडला. थायलंडच्या मालिकेवरचा, थट्टेचा. बटण दाबून ती वाचायला लागली. ती थट्टा आहे हे आपल्या आवाजातून मंगलला कळेल का, हसू तरी येईल का, का नुसतं वाजणाऱ्या पत्र्यासारखं जाईल, तिला काहीच समजत नव्हतं. तिसऱ्या वाक्याला खोलीचं दार बाहेरून हलकेच ओढून घेतलं गेलेलं तिनं बघितलं. आवाज फार मोठा होत असणार. ती क्षणभर थांबली. मग बटणावरचं बोट न उचलता तिनं ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.