अप्पा गांगलांची कोळशावरची मोटार

कर्जतच्या अप्पा गांगलांना देवानं नाक दिलं होतं, आणि ते त्यांनी गावभर मिरवलं. बाजारच्या तुपात भेसळ आहे का, शेजारी कुणाकडे काय शिजतंय, सगळं म्हणे त्यांना ओट्यावर बसल्या जागी कळायचं. बरं, कळलं तर गप्प बसावं! पण नाही, अख्खी आळी ऐकेल असं सांगायचे.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा अप्पांनी आपली भाड्याची मोटार कोळशावर घेतली. मागं उभी टाकी, तिच्यात कोळसे पेटवायचे आणि त्यांचा गॅस पत्र्याच्या पाइपातून मागल्या सीटखालून पुढं इंजिनाला न्यायचा. कर्जतहून निघायचं, शिळफाट्याला उतारूंसाठी थांबायचं आणि खालापूरला कचेरीपाशी लोकांना सोडायचं, हा रोजचा धंदा. दसऱ्याला गाडीची पूजा झाली. घराच्या उंबऱ्याला घोड्याची नाल असते, मग गाडीला का नको, म्हणून अप्पांनी मागल्या दाराशी तळफळीवर नाल ठेवली आणि चांगले लांब खिळे स्वतः ठोकले. पाइप बसवणारा मिस्त्री म्हणाला, "द्या, मी मारतो." तर त्याला झिडकारलं, "नालेला परक्याचा हात लागत नाही." हे शास्त्र कुठलं, ते अप्पांनाच ठाऊक.

दसरा सरला आणि मागं बसणाऱ्यांची डोकी धरायला लागली. कुणी ओकायचं, कुणाच्या पायांतला जीव जायचा. तेही गाडी पळताना नाही. शिळफाट्याला उभी राहिली की. अप्पा पुढं, उघड्या वाऱ्यावर. त्यांना होणार काय, डोंबल! त्यांनी नाक वर करून तपास सुरू केला. वास सापडला एकच, सोनाबाईच्या पाटीतल्या सुकटीचा. ही दहिवलीची बाई शिळफाट्याच्या बाजारात सुकट विकायची.

"उतर खाली," अप्पा म्हणाले. "तुझ्या घाणीनं माणसं मरतील."

"अवो अप्पा, जलम गेला माजा या सुकटीत. मी कुटं मेले?"

"उतर म्हणतो ना!"

"उतरते. पन डोकी दुकायची थांबली नाय, तर मंग कुनाला उतरवाल?"

सोनाबाई भाच्याच्या बैलगाडीतून जाऊ लागली, आणि डोकी दुखायची ती दुखतच राहिली. म्हणजे नाक चुकलं? छे, गांगलांचं नाक चुकेल कसं! जिथं वास नाही तिथं विष नाही, हे त्यांचं ठरलेलं. मग शिळफाट्यालाच काहीतरी बाहेरचं आहे, असा शोध या शहाण्यानं लावला. फाट्यावर नारळ फोडला आणि दुसऱ्या दाराशीही नाल ठोकली. आगीत तेल म्हणतात ते हे.

माघातली थंडी होती. अप्पांची बायको उमा भावाकडे खालापूरला मुंजीला निघाली, बरोबर लहानगी चारुलता. दोघी मागं बसल्या. पोरीला गार लागू नये म्हणून अप्पांनी मागचे कॅनव्हासचे पडदे ओढून घट्ट बांधले. माया नव्हती असं कोण म्हणेल? माया होती; अक्कल तेवढी नव्हती. शिळफाट्याला ते उतारू जमवायला हॉटेलाशी थांबले, चहा मागवला, आणि नाल असली की मोटारीला बाधा कशी होत नाही, यावर लोकांना प्रवचन झोडत बसले.

बोंब मारली ती सोनाबाईनं. ती रस्त्याकडेला पाटी मांडून बसली होती. पडद्याच्या फटीतून पोरीचा हात लोंबताना तिला दिसला.

"अवो अप्पा, पोर बगा, पोर!"

दार ओढून तिनं चारुलतेला बाहेर काढलं, मग बाजारातल्या बायांनी मिळून उमाला. पोरीचे गाल लालबुंद, मान टाकलेली, हाक मारली तर ओ नाही.

अप्पा धावत आले. "चारू! अगं चारू!" म्हणत त्यांनी पोरीला हलवलं. मग एकदम वळले आणि गाडीत शिरले. आज सुकट नव्हती, विडी नव्हती, परका उतारू नव्हता. वर दोन-दोन नाला. आता दोष द्यायचा कुणाला? त्यांनी सीट उपसली, चटई फेकली. नालेच्या खिळ्यांभोवती फळी काळी पडली होती. खिळा उपटला, तर तो फळीतून आरपार खालच्या पाइपात गेलेला, आणि त्या भोकातून गरम फुंकर त्यांच्या तळहातावर आली. वास म्हणाल तर असून नसल्यासारखा. गाडी पळताना इंजिन तो गॅस ओढून घ्यायचं. उभी राहिली की तो वर येऊन पडद्याआड कोंडायचा.

मोकळ्या हवेत चारुलता ओकली आणि रडायला लागली. उमानंही डोळे उघडले. नवऱ्याच्या हातातला खिळा तिला दिसला.

"मिस्त्रीनं पाइप फार वर बसवला," अप्पा जमलेल्या लोकांना सांगू लागले. अजून! पोर आत्ता कुठं शुद्धीवर येतेय, आणि ह्यांना मिस्त्री सुचतोय!

"खिळे तुम्ही ठोकलेत," उमा म्हणाली. चार लोकांत नवऱ्याला उलटून बोलायची तिची ही पहिलीच वेळ. ती सोनाबाईच्या खांद्याला धरून उठली आणि पोरीला जवळ घेतलं. "तुझ्या भाच्याची गाडी खालापूरपर्यंत येईल का गं?"

"येल की. चला."

"अगं, घरची मोटार सोडून बैलगाडीनं जाणार?" अप्पा कळवळून म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, गांगलांची बायको-पोर जिवंत आहेत."