उरलेली दवा मागणारे कंपाउंडर

माझ्यासारख्याने कुणाविषयी लिहायला बसावे, हे जरा जास्तच होते. आमच्या घरात लिहिणारा मी पहिला, आणि मलाही ते अजून नीट जमत नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे. पण आमच्या कंपाउंडरांविषयी दुसरे कुणी लिहील, असे वाटत नाही.

सिंदीजवळच्या आमच्या गावातल्या दवाखान्यात ते औषध देत आणि बाजाराच्या दिवशी तेच औषध घरोघर जाऊन परत मागत.

"बाई, उरलीसुरली दवा असन तं द्या."

"काहो कंपाउंडर, दवाखान्यातली सरली काय?" बायका चेष्टा करीत.

"सरली नाई. तुमच्या घरी जास्त झाली."

हे म्हणताना ते हसत नसत. मिळालेले औषध दवाखान्यामागच्या खड्ड्यात ओतून वर चुना टाकीत. बाटली मात्र धुऊन ज्याची त्याला परत देत. घरात रिकामी बाटली लागतेच, हे त्यांना ठाऊक होते.

हे काम त्यांच्यामागे विहिरीमुळे लागले. पटकीच्या साथीत त्यांनी विहिरींत लाल औषध टाकले, ते गावाने पाहिले होते. पुढच्या वर्षी एका म्हातारीने सांध्यांना चोळायचे उरलेले औषध विहिरीत ओतले. "मायं दुखनं थांबलं, आता गावालेही गुन येऊ दे," म्हणाली. दोन दिवस विहीर उपसावी लागली. कंपाउंडरही दोर ओढत होते. लोक म्हातारीवर चिडले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तिले नका बोलू. विहिरीत दवा टाकाची असते, हे मीच दाखवलं."

आमच्या घरून मात्र त्यांना कधी काही मिळाले नाही. माझ्या धाकट्या भावाच्या तापाचे औषध त्यांनीच बनवले होते. बाटलीवर मात्रांच्या सहा खुणा कापलेली कागदी पट्टी होती. दोन खुणांपर्यंत औषध गेले आणि भाऊ वारला. आईने ती बाटली कोनाड्यात जपून ठेवली.

"चार खुना बाकी हायेत," ती म्हणे. "पुरती पेला असता तं वाचला असता. आता घरात कोनाले ताप आला तं हेच देईन."

यावर कंपाउंडर वाद घालीत नसत. ओट्यावर बसून पाणी पीत आणि उठताना म्हणत, "बरं. पुढच्या बाजारी येतो." अशी तीन वर्षे गेली.

कॉलेजसाठी वर्ध्याला निघण्याच्या आदल्या दिवशी मी ती बाटली गुपचूप त्यांच्याकडे नेली. शाबासकी मिळेल, असे वाटले होते. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"चोरून आनली? जा, होती तिथंच ठेव. अशी नेली तं उद्या दुसरी लपवून ठेवन. तिनं सोताच्या हातानं दिली पाह्यजे." मग पायरीवर बसत म्हणाले, "थकलो रे मी आता. पन तू मंधात पडू नको."

मी बाटली परत ठेवली. वर्ध्याला गेल्यावर प्रत्येक पत्रात आईला लिहिले, ते औषध कुणाला देऊ नकोस. तिचे त्यावर कधी उत्तर आले नाही.

परवा काकांचे पोस्टकार्ड मिळाले. मी खोली बदलल्यामुळे ते पंधरा दिवस फिरले होते. काकांना लिहिता येत नाही. डाकवाल्याने ते सांगतील तसे उतरवले होते. 'तुयी आई सोमवारी बाटली घेऊन दवाखान्यात गेलती. दाराले कुलूप होतं. कंपाउंडर शनिवारीच तापानं वारले. बाई तिथंच पायरीवर बसून राह्यली. आता दवा कोनाच्या हाती देऊ, म्हनून विचारते. तू शिकलेला हायेस, काय ते लिहून धाडजो.'